पाच डॉलर आणि पणजीचा पाऊस

तो फोटो तुम्हीही पाहिलाच असेल. मागे निळाशार समुद्र, बाजूला स्ट्रॉ खोचलेलं शहाळं, मांडीवर लॅपटॉप आणि चेहऱ्यावर 'बॉस? कोण बॉस?' छाप हसू. सोमवारी सकाळी चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना हा फोटो मोबाइलवर आला की जाम जळायला होतं. मलाही व्हायचं. फरक इतकाच, की २०२५च्या मे महिन्यात मी ज्या मासिकात नोकरी करत होते ते बंद पडलं आणि माझं चांदणी चौकात अडकायचं कारणच संपलं.

बँकेत चौपन्न हजार रुपये, हातात मास कॉमची डिग्री, आणि पणजीत राहणारी एक मैत्रीण. तिला तीन महिन्यांसाठी बंगलोरला जायचं होतं. म्हणाली, "खोली रिकामीच पडणार आहे. नऊ हजार भाडं तू भर आणि बस जाऊन." पुण्यातल्या फ्लॅटच्या माझ्या वाट्यापेक्षा हे साडेतीन हजारांनी कमी. काम ऑनलाइनच शोधायचं होतं, मग खोली कोथरूडला असली काय नि पणजीला असली काय!

आईचं म्हणणं, "नोकरी गेल्यावर माणसं गावाला जातात. गोव्याला नाही." बाबांनी मात्र खरा मुद्द्याचा प्रश्न विचारला. "ऑनलाइन ऑनलाइन म्हणतेस, पण पैसे नक्की देतं कोण?" याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "क्लायंट." बाबा पेपर वाचायला लागले.

गोवा एक्स्प्रेस पुण्याहून दुपारी निघते आणि पहाटे मडगावला पोचवते. दूधसागर काळोखात गेला, नुसता पाण्याचा आवाज. मडगावहून कदंबाची शटल पकडून पणजी गाठली तेव्हा पाऊस असा काही कोसळत होता, की बसस्टँडवरून समोरचा पूलही दिसेना.

खोली फोंतेन्हासमध्ये. टुरिस्ट म्हणतात फोंतेन्हास, पणजीकर म्हणतात मळा. मागे आल्तिन्होची टेकडी, उतारावर मारुतीचं देऊळ, आणि खाली पोर्तुगीज काळातली पिवळी, निळी, तांबडी घरं. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागतं. पोस्टकार्डवर असतं तसं सगळं. पण माझी खोली मागच्या बाजूला होती. तिला एक खिडकी, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्यांची पाण्याची टाकी. घरमालकीण आंटी साठीच्या पुढची, एकटी राहणारी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "ऑफिस खंय तुजें?" मी लॅपटॉप दाखवला. तिनं लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भाडं ॲडव्हान्स मागितलं.

आता कामाचं. बाजार कसा चालतो ते मला तिथं बसून कळलं. अपवर्क, फायवर, फ्रीलान्सर डॉट कॉम ही यातली मोठी नावं. अपवर्कवर क्लायंट काम टाकतो आणि आपण प्रपोजल पाठवायचं. ते फुकट नसतं बरं का! त्यासाठी 'कनेक्ट्स' लागतात, एकाची किंमत पंधरा सेंट, आणि एका प्रपोजलला असे बरेच खर्ची पडतात. म्हणजे कमवायच्या आधी घालवायचे. फायवर २०१० साली सुरू झालं तेव्हा तिथं प्रत्येक कामाची किंमत पाच डॉलर होती, नाव त्यावरूनच पडलं. तिथं आपण दुकान मांडून बसायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. गिऱ्हाईक आलंच, तर कमाईतले वीस टक्के फायवरचे.

मी दुकान मांडलं. 'आय विल राइट इंग्लिश आर्टिकल्स.' माझ्यासारखी दुकानं मांडून मनिला, लाहोर, ढाका, नैरोबी अशी अर्धी दुनिया बसली होती. त्यातून चॅटजीपीटी. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ते आलं तेव्हा ऑफिसात आम्ही त्याच्याकडून बॉसवर कविता करून घेतल्या होत्या आणि हसून हसून लोळलो होतो. आता कळलं, की नवशिक्यांना मिळायची ती पोटभरू इंग्रजी लिखाणाची कामं, म्हणजे पाचशे शब्दांत 'योगाचे दहा फायदे' वगैरे, लोक त्याच्याकडूनच करून घेतात. फुकटात.

पहिल्या बारा दिवसांत एकतीस प्रपोजल्स. उत्तरं दोन. एकानं विचारलं की मी टेलिग्रामवर आहे का. तो काय माणूस असणार हे टेलिग्राम म्हटल्यावरच ओळखायला हवं होतं, पण एकतीसला दोन असा स्कोअर असला की डोकं चालेनासं होतं. त्याचं काम म्हणजे डेटा एन्ट्री, महिन्याला अठ्ठावीस हजार, आधी फक्त चौदाशे नव्याण्णव 'रिफंडेबल डिपॉझिट' भरायचं. मी क्यूआर कोडपर्यंत पोचले होते. थांबले ते शहाणपणानं नाही, लाइट गेली आणि वायफाय बंद पडलं म्हणून! पावसाळ्यातल्या पणजीत लाइट जाणं याची तोवर मी रोज कटकट करायचे. त्या दिवशी देवाचे आभार मानले.

(काम देणारा आपल्याकडे पैसे मागत असेल तर ते काम नसतं. आणि पैसे गेलेच, तर रडत बसायच्या आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.)

आता 'बीचवरून काम' या भानगडीबद्दल. एकदा केलं हो! पाऊस उघडला म्हणून मिरामारला गेले, पोज घेऊन बसले. पहिलं म्हणजे उन्हात स्क्रीन दिसत नाही. काळ्या आरशात आपलंच तोंड दिसतं. दुसरं म्हणजे वाळू. ती स्पेस बारखाली जाऊन बसली आणि अजून तिथंच आहे, हा लेख लिहितानाही करकर आवाज येतोय. तिसरं म्हणजे वीस मिनिटांत परत पाऊस आला आणि लॅपटॉप कुर्त्याच्या आत घालून मी अशी धावले, की भेलवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

याहून भारी किस्सा खुद्द मळ्यातला. एका सकाळी आंटीच्या घराच्या पायरीवर एक मुलगी पांढरा ड्रेस घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, समोर फोटोग्राफर. मागची पिवळी भिंत, वरची शिंपल्यांची खिडकी, सगळं फ्रेममध्ये फिट्ट. लॅपटॉप बंदच होता. आणि त्याच भिंतीच्या आत मी, विस्कटलेले केस, फोनच्या हॉटस्पॉटवर एक फाइल अपलोड होतेय का बघत. आंटी बाहेर गेली आणि तिनं जे काही कोंकणीत सुनावलं ते छापता येणार नाही. मळ्यातल्या कित्येक घरांनी 'नो फोटोग्राफी'च्या पाट्या लावल्यात. राहत्या घरासमोर रोज कुणीतरी नाचतंय म्हटल्यावर दुसरं काय करणार?

खोलीत नेट नाही, बीचवर वाळू, कॅफेत दीडशे रुपयांची कॉफी घेतल्याशिवाय बसता येत नाही. तेव्हा आंटीनंच सांगितलं, "लायब्ररींत वच गो."

मळ्यातून बाहेर पडलं की ओरेंची खाडी. पूल ओलांडला की पाटो, सरकारी ऑफिसं, बँका, काचेच्या इमारती. तिथं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्थापना १८३२ची, भारतातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांतलं एक. सध्याची इमारत मात्र २०१२ची, चकाचक. भिंतींवर मारिओ मिरांडांची ढेरपोटी, लांब नाकाची माणसं. ज्यांचं नाव दिलंय ते कृष्णदास शामा केळशीचे, सोळाव्या शतकातले. त्यांनी कृष्णचरित्र मराठीत लिहिलं. आत येऊन वाचत बसायला पैसे नाहीत, कुणी 'अजून काही ऑर्डर?' विचारत नाही, आणि खिडकीबाहेर पाऊस. पुण्यात मी सहा वर्षं महिना पगारावर बसले त्या ऑफिसापेक्षा हे शंभर पटीनं बरं होतं.

तिथं मला भेटला सत्तरीतला एक मुलगा. वय असेल तेवीस-चोवीस, रोज त्याच कोपऱ्यात, कानाला हेडफोन. स्पर्धा परीक्षेचा असेल असं मला वाटलं. चार दिवसांनी चार्जरवरून बोलणं झालं. तो ऑडिओ ऐकून टाइप करायचा, कोंकणी आणि मराठी. लोकांची बोलणी, मुलाखती, कॉल सेंटरचे नमुने. कंपन्यांना आपापल्या मशीनला भाषा शिकवायला असलं लागतं. त्यानंही सुरुवात डेटा एन्ट्रीनंच केली होती, आणि डिपॉझिटमध्ये सहा हजार घालवले होते. माझं प्रोफाइल बघून म्हणाला, "ताई, तुम्ही इंग्लिश कित्याक विकता? इंग्लिशची लाइन बघा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी. मराठीची लाइनच ना."

मला आधी रागच आला. सहा वर्षं पत्रकारिता केलेल्या बाईला हा शिकवणार! आणि मनात एक पक्कं बसलेलं, की मराठी लिहिलं की दाद मिळते, पैसे इंग्रजीत मिळतात. पण तो चार्जर परत करून कामाला लागला, आणि मी माझ्या स्क्रीनवरच्या एकतीस नकारांकडे बघत बसले. खरं तर नकारही नव्हते ते. नकार द्यायला निदान वाचावं लागतं.

तरी माझी पहिली कमाई इंग्रजीचीच, ते सांगायला हवं. कॅनडातल्या एका बाईला कुत्र्यांचे रेनकोट विकायचे होते. पाच रेनकोट, प्रत्येकाबद्दल पन्नास शब्द, एकूण पाच डॉलर. दिवस होता २४ जून, म्हणजे सांजांव. जॉन द बाप्टिस्टचा सण. गोव्यात या दिवशी डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून माणसं विहिरीत उड्या मारतात. खालून 'विवा सांव जांव!'चा ओरडा, घुमटावर थाप, आंटीचा भाचा भिजून चिंब येऊन मला हाक मारतोय, आणि मी वर बसून लिहितेय की हा रेनकोट घातला की तुमच्या टॉमीला पावसाची भीती वाटणार नाही. संध्याकाळी साडेसहाला तिकडे सकाळचे नऊ वाजतात. त्याच्या आत फाइल द्यायची होती. दिली. पाच स्टार मिळाले. मी खाली उतरले तोवर विहिरीतली सगळी वर आली होती, पण सान्नां उरली होती.

पाच डॉलरमधले चार माझे. तेही लगेच नाही, चौदा दिवसांनी खात्यात मोकळे होतात. काढायला फी, डॉलरचे रुपये होताना बाजारभावापेक्षा कमी दर. म्हणून आणखी थोडे साठेपर्यंत हातच लावला नाही. चार डॉलर म्हणजे तेव्हा साधारण साडेतीनशे रुपये. त्या आठवड्यातला माझा भाजी-पाव आणि चहाचा खर्च त्याहून जास्त होता. तरीही त्या रात्री मी बाबांना फोन करून उत्तर दिलं. क्लायंट ऑर्डर देतानाच पैसे साइटकडे भरून ठेवतो. आपण काम दिलं आणि त्यानं ते स्वीकारलं, की साइट आपल्याला देते. बाबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे अडत्या," ते म्हणाले. मार्केट यार्डात त्यांची हयात गेलीय. "मग अडत किती?" वीस टक्के सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही.

अडत नको म्हणून जी चूक सगळे करतात ती मीही केली. एका क्लायंटनं सांगितलं, साइट सोडून थेट मेलवर काम कर, कमिशन वाचेल. चोवीसशे शब्दांचा लेख दिला. 'ग्रेट वर्क!' असं उत्तर आलं. त्यानंतर आजतागायत काही नाही. साइटवर तक्रार करावी तर तिथं व्यवहाराची नोंदच नाही. त्या दिवशी पाटोवरून मी सरळ चालत जेटीला गेले आणि बेतीच्या फेरीत चढले. माणसांना तिकीट नाही. बेतीला उतरायचंही नाही, तशीच परत यायचं. दोनदा गेले, दोनदा आले. मांडवी गढूळ, फुगलेली, कसिनोच्या बोटी दिवसाउजेडी मेकअप उतरल्यासारख्या दिसणाऱ्या. खात्यात शेवटचे सोळा हजार होते. फेरीवाल्यानं तिसऱ्या वेळी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं, म्हणून उतरले.

त्या रात्री इंग्रजीचं दुकान काढून टाकलं आणि प्रोफाइल नव्यानं लिहिलं. मराठी भाषांतर, मराठी सबटायटल्स, मशीननं केलेल्या मराठीची दुरुस्ती. सॅम्पल म्हणून दोन मिनिटांच्या एका व्हिडिओची सबटायटल्स स्वतःच करून जोडली. प्रपोजल पाठवली फक्त चार, पण प्रत्येकात पहिल्याच ओळीत त्यांच्या वेबसाइटवरची मराठीतली एक चूक काढून दाखवली. चुका शोधायला फार लांब जावं लागत नाही. एका ॲपवर 'चेकआउट'ला 'बाहेर तपासा' लिहिलं होतं. तिघांचं उत्तर आलं.

सबटायटल्सचं काम मला मुंबईच्या एका एजन्सीकडून मिळालं, मिनिटाला ऐंशी रुपये. वाटतं तितकं सोपं नाही हं. स्क्रीनवर एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि माणूस बोलून संपायच्या आत वाचून व्हायला हवं. इंग्रजीत हिरो तीन शब्द बोलतो, मराठीत त्याचे सात होतात. मग काय ठेवायचं, काय टाकायचं? मशीननं केलेला कच्चा मसुदा आधी यायचा. त्यात एक बाई आपल्या मुलाला नाटकाआधी प्रेमानं सांगते, 'पाय मोड.' मी हसले, खोडलं, आणि लिहिलं, 'गाजवून ये.' पंचेचाळीस मिनिटांच्या पहिल्या भागाला तीन दिवस लागले. जुलैअखेर दीड दिवसात व्हायला लागला. सत्तरीवाला मध्येच माझ्या स्क्रीनवर डोकावायचा आणि एखादा शब्द सुचवून जायचा. 'वैताग' त्याचाच.

आकडे सांगते, कारण असल्या लेखांत ते कुणी सांगत नाही. जूनमध्ये हातात आले शून्य, जमा साडेतीनशे. जुलैत साडेअकरा हजार. ऑगस्टमध्ये बावीस तारखेपर्यंत तेवीस हजार सातशे. माझा जुना पगार याहून जास्त होता, आणि त्यात पीएफ होता, आजारपणाची रजा होती. इथं ताप आला तेव्हा दोन दिवसांची कमाई बुडाली आणि एजन्सीनं तो भाग दुसऱ्या कुणाला दिला. एजन्सीचे पैसे महिन्यानं येतात. वर या सगळ्यावर टॅक्स आहेच, डॉलरमध्ये आले म्हणून सुटका नाही. पणजीतल्या स्वस्त पावसाळी भाड्यामुळे मी तरले हेही खरं. ऑक्टोबरपासून तीच खोली टुरिस्टांना दिवसाच्या हिशेबानं जाते, आंटीनं दर सांगितल्यावर मी विषयच बदलला.

त्यातच पुण्याहून फोन आला. एका कंपनीत कम्युनिकेशन्सची जागा, एक सप्टेंबरला जॉइनिंग, पगार आधीपेक्षा चार हजार जास्त. ऑफिस हिंजवडीला! गणपतीला घरी ये, मग बघू, असं आईनं ठरवून टाकलं. चवथीच्या चार दिवस आधी मी बॅग भरली. पणजीच्या बाजारात माटोळीची फळं, रानफुलं यायला लागली होती. सत्तरीवाला गावी गेला होता, निरोप घ्यायचा राहिला. आंटीनं दोदोलचा डबा दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "पयशे मेळ्ळे गो?" अर्धे मिळाले, अर्धे यायचेत, असं मी सांगितलं. "इल्ले इल्ले मेळटले," ती म्हणाली आणि ॲडव्हान्समधले उरलेले सातशे रुपये माझ्या हातावर ठेवले.

परतीची गोवा एक्स्प्रेस मडगावहून दुपारी निघते, त्यामुळे घाट उजेडात लागतो. रात्री नऊपर्यंत एक भाग द्यायचा होता, बावीस मिनिटांचं काम शिल्लक. कुळे येईपर्यंत भराभर केलं. कुळ्यानंतर नेटवर्क गेलं. मी तरी टाइप करत होते, तेवढ्यात समोरची आजी म्हणाली, "अगं, बघ की!" गाडी पुलावर होती. पांढरंशुभ्र पाणी एवढं जवळ, की खिडकीतून तुषार आत येत होते. मी लॅपटॉप मिटला, कारण तो भिजला असता तर दुसरा घ्यायला पैसे नव्हते.

कॅसलरॉकच्या पुढे कुठंतरी फोनला पुन्हा जाग आली. एजन्सीचा मेसेज होता, पुढच्या महिन्यात आठ भाग घेशील का. त्याखाली पुण्याच्या एचआरचा, कागदपत्रं कधी पाठवताय? आजीनं डब्यातली चटणी-पोळी पुढे केली. हात धुऊन आले, आणि आधी तो भाग पूर्ण करायला घेतला. बेळगाव यायला अजून वेळ होता.